दोष काढू नका, म्हणजे हिशोबही मागू नका?

ओढ्याकाठची

विषय तसा आमच्या घरचा आहे, पण इथे ख्रिस्ती नसलेले वाचकही आडपडदा न ठेवता बोलतात, म्हणून इथेच काढते.

नगर जिल्ह्यातल्या माझ्या माहेरच्या चर्चची वार्षिक सभा नुकतीच झाली. छताचे पत्रे बदलायचे म्हणून वर्षभर वर्गणी चालू होती. मुंबई-पुण्याला गेलेल्यांनीही पाठवली होती. सभेत एक झेरॉक्स वाटला. त्यात पत्र्यांचा खर्च एका ओळीत आणि त्याखाली 'किरकोळ व इतर' दुसऱ्या ओळीत. किरकोळ पत्र्यांपेक्षा मोठं! एका निवृत्त गुरुजींनी उभं राहून साधं विचारलं, की 'इतर'मध्ये काय काय आलं? त्यावर पंचमंडळातले एक ज्येष्ठ उठले आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाचं पहिलं वचन म्हणून दाखवलं: "तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका." सभा गार. गुरुजी खाली बसले.

त्याच सभेत थोडं आधी असं जाहीर झालं होतं, की अमुक एका मुलीला गायनमंडळातून कमी केलं आहे. तिने कोर्टात लग्न केलं, मुलगा ख्रिस्ती नाही. तिला सभेला बोलावलेलं नव्हतं आणि त्याआधी कुणी तिच्याशी बोललंही नव्हतं. तेव्हा सातवा अध्याय कुणालाच आठवला नाही.

तर माझं म्हणणं असं. हे वचन आमच्याकडे खालून वर जाणारे प्रश्न अडवायला वापरतात, वरून खाली येणारे निकाल अडवायला कधीच नाही. आणि तो अध्याय पुढे वाचला, तर येशू डोळे मिटून घ्या असं कुठेच सांगत नाही. पाचव्या वचनात आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ म्हणतो, ते कशासाठी? तर भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढताना नीट दिसावं म्हणून. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. पुढे पंधराव्या-सोळाव्या वचनात खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा असं आहे. फळं न बघता कसं ओळखणार? मधल्या दुसऱ्या वचनात सगळी गोम आहे: ज्या मापाने तुम्ही घालाल, त्याच मापाने तुम्हाला घातलं जाईल. खजिनदाराला एक माप आणि गायनातल्या पोरीला दुसरं, हे चालणार नाही.

तुमच्याकडे काय अनुभव? आणि न्यायाने वागायचं तर नेमकं कसं, यावर बोला. नुसतं 'प्रेम करा' नको, ते मला पाठ आहे.

---

गावठाण

+१. 'किरकोळ व इतर' ही ओळ आमच्या गणेश मंडळाच्या अहवालातही असते. धर्मनिरपेक्ष ओळ आहे ती.

---

पाळकपुत्र

ताई, तळमळ समजली, पण दुसरी बाजू मांडतो. मी चर्चच्या आवारातच वाढलो, वडील पाळक (पास्टर) होते.

मत्तय 18:15 पासून पुढे येशूने क्रम घालून दिला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घे. तरी नाही, तर मंडळीला कळव. गुरुजींनी पहिली पायरी गाळून थेट भर सभेत विचारलं. खजिनदाराची बायकापोरं तिथे बसलेली असणार. त्या माणसावर त्या क्षणी अख्ख्या मंडळीने चोर म्हणून शिक्का मारला, आणि उद्या पावत्या निघाल्या तरी तो पुसला जाणार नाही. आमच्या वडिलांनी अशी दोन घरं मंडळीतून कायमची गेलेली पाहिली, हिशोब चोख निघूनसुद्धा.

मुलीच्या बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत. मंडळीने शिस्त लावूच नये असं मी म्हणणार नाही, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात ती लावायला सांगितली आहे. पण तो क्रम तिच्यासाठीही होता. तिच्या घरी कोण गेलं?

---

ओढ्याकाठची

पाळकपुत्र, 18:15 अपराधाबद्दल आहे. हिशोब विचारणं म्हणजे अपराधाचा आरोप नव्हे. सार्वजनिक पैशाचा प्रश्न सार्वजनिक सभेत नाही तर कुठे विचारायचा? सभा कशाला भरवतात मग, उपमा खायला?

आणि पौलाचंच बघा. यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून मोठी रक्कम जमली, तेव्हा त्याने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला आणि स्पष्ट लिहिलं, की या रकमेवरून कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून ही काळजी. प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे योग्य ते आम्ही बघतो (2 करिंथ 8:20-21). कुणी विचारायच्या आत त्याने सोय करून ठेवली. पौलाला हिशोबाची लाज वाटली नाही, तर आमच्या पंचांना का वाटावी?

---

पाळकपुत्र

हे वचन मान्य. मुद्दा तुमचा. पण गुरुजींच्या आवाजात काय होतं ते तुम्हीही ऐकलेलं नाही आणि मीही. हेही न्यायातच बसतं ना?

---

ओढ्याकाठची

बसतं.

---

वसईचा_वारा

आम्ही कॅथलिक, त्यामुळे पंच-सभा हा प्रकार थोडा वेगळा, पण कुजबुज सगळीकडे सारखीच. रविवारच्या मिस्सानंतर देवळाबाहेर जे चालतं, त्यापुढे कोर्टाची उलटतपासणी फिकी.

आमच्या धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात (परिच्छेद 2477) या पापाचे तीन वेगवेगळे कप्पे केले आहेत, आणि मला ते फार उपयोगी वाटतात. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात का होईना, खरा धरणं हे पहिलं. दुसऱ्याचा खरा दोष काही रास्त कारण नसताना तिसऱ्याला सांगणं हे दुसरं. खोटं सांगून बदनामी करणं हे तिसरं. बहुतेकांना फक्त तिसरं पाप वाटतं. "मी खोटं थोडीच बोलतेय?" हे वाक्य वसईत रोज ऐकू येतं, आणि ते थेट दुसऱ्या कप्प्यात पडतं. पण 'रास्त कारण नसताना' हे शब्दही तिथे मुद्दाम आहेत. वर्गणीदाराला पैसा कुठे गेला ते सांगणं हे रास्त कारण झालं. त्यामुळे ओढ्याकाठची, तुमचे गुरुजी कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत. ज्यांनी मुलीचं लग्न सभेत वाचलं त्यांचं मात्र बघावं लागेल.

त्याच्या लगेच पुढच्या परिच्छेदात संत इग्नेशियसचा नियम आहे. शेजाऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावता येत असेल तर तो धिक्कारण्याआधी लावायला तयार असावं. लावता येत नसेल तर 'तुला काय म्हणायचंय' हे त्यालाच विचारावं. त्याचं समजणं खरंच चुकीचं असेल तर प्रेमाने दुरुस्त करावं. विचारणं मधल्या पायरीवर आहे, ते बघा. आपण पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतो, आणि प्रेमाने हे राहूनच जातं.

---

खडीसाखर

मी ख्रिस्ती नाही, एक प्रश्न विचारते, राग नसावा. कॉलेजात एका मैत्रिणीने मला शांतपणे सांगितलं होतं, की तू कितीही चांगली असलीस तरी नरकात जाणार. मैत्रीण खरंच चांगली होती, अजूनही आहे. पण मग "न्याय करू नका" कुठे गेलं? हा तर सगळ्यात मोठा न्याय झाला की.

---

वसईचा_वारा

राग कसला. प्रश्न बरोबर जागी आहे.

आमच्या चर्चची भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1964 मध्ये लिहून ठेवली आहे. ज्यांना त्यांच्या दोषाशिवाय ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने जो निकाल दिला, तो द्यायचा अधिकार आमच्या पोपनेही स्वतःकडे घेतलेला नाही.

---

पाळकपुत्र

इथे माझं वसईकरांशी पूर्ण जमणार नाही. येशूवाचून पित्याकडे कुणी येत नाही (योहान 14:6), हे मी मानतो आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही, खडीसाखर. पण ते मानणं आणि अमुक एक बाई नरकात जाणार असं बोट दाखवून सांगणं, यांत मोठा फरक आहे. पौल 1 करिंथ 5 मध्ये साफ म्हणतो, की जे बाहेरचे आहेत त्यांचा न्याय करणं माझं काम नाही, त्यांचा न्याय देव करील. गंमत म्हणजे आम्ही हे बरोबर उलटं करतो. बाहेरच्यांचे निकाल बसमध्ये देऊन मोकळे होतो आणि आतल्यांच्या भानगडी झाकतो.

---

खडीसाखर

दोघांचेही आभार. पटलं असं नाही म्हणणार, पण कुणीतरी नीट उत्तर दिलं.

---

काळाकोट_आजी

आयुष्य कोर्टात गेलं, म्हणून कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, कायदा शिकताना हमखास सांगतात ती. केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या काढून घेतल्या, त्याचं म्हणणं ऐकून न घेता. प्रकरण लंडनच्या किंग्ज बेंच कोर्टात गेलं आणि 1723 मध्ये पदव्या परत द्यायचा आदेश झाला. त्यात न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू म्हणाले, की खुद्द देवानेसुद्धा आदामाला शिक्षा सुनावण्याआधी बाजू मांडायला बोलावलं होतं. "आदामा, तू कुठे आहेस? ज्या झाडाचं खाऊ नको म्हणून सांगितलं होतं, त्याचं तू खाल्लंस का?" आता देवाला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. तरी विचारलं. हव्वेलाही विचारलं. आमच्या वकिली पेशात दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल नाही, हे तत्त्व शिकवताना आजही हीच एदेन बाग काढतात. सर्वज्ञाने विचारलं, पण पंचमंडळाला विचारावंसं वाटलं नाही!

दुसरी गोष्ट मला स्वतःला जास्त आवडते, कारण तीत दाविदासारखा राजा साफ चुकतो. बायबलमधलं 2 शमुवेल 16. दाविदाच्या मुलाने, अबशालोमाने बंड केलंय, दावीद यरुशलेमहून पळतोय. वाटेत सीबा भेटतो, आधीच्या शौल राजाच्या लंगड्या नातवाचा, योनाथानाच्या मुलाचा, मफीबोशेथाचा कारभारी. खोगीर घातलेली गाढवं, दोनशे भाकरी, मनुकांचे घड, द्राक्षारस, सगळं घेऊन. दावीद विचारतो, तुझा धनी कुठे आहे? सीबा म्हणतो, तो यरुशलेमातच बसलाय, बापजाद्यांचं राज्य आता परत मिळेल म्हणून. संपलं. दावीद तिथल्या तिथे निकाल देतो: मफीबोशेथाचं सगळं तुझं. थकलेला, भुकेला माणूस, समोर भाकरी घेऊन उभा असलेला साक्षीदार. कुणाचं खरं वाटणार?

तीन अध्यायांनंतर दावीद परत येतो, तर मफीबोशेथ सामोरा येतो. राजा गेला त्या दिवसापासून त्याने पाय धुतलेले नाहीत, दाढी सावरलेली नाही, कपडे धुतलेले नाहीत. म्हणतो, मी लंगडा, गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, चाकराने फसवलं. साक्षीपुराव्याच्या भाषेत सांगायचं तर ती न धुतलेली पावलं आणि मळके कपडे हाच परिस्थितीजन्य पुरावा. आणि तो बघायला दावीद आधी थांबलाच नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर. चर्चची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून असेल तर दरवर्षी लेखापरीक्षण करणं बंधनकारक आहे. 1950 चा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांकडे अहवाल जातो. त्यात कुणाचा अपमान नाही. पहिल्या झटक्यात तक्रार अर्ज करू नका. गुरुजी आणि आणखी दोघांनी सहीचं साधं पत्र खजिनदारांना द्यावं: पावत्या बघायच्या आहेत, वेळ द्या. पाळकपुत्रांची पायरीही झाली आणि तुमचा हिशोबही.

---

मांडवीचं_पाणी

पणजीहून लिहितोय. चर्चने न ऐकून घेता न्याय केला की काय होतं, त्याचा आमच्याकडे अडीचशे वर्षांचा नमुना आहे. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ला सुरू झालं, मधली चार वर्षं बंद होतं, कायमचं उठलं 1812 ला.

शार्ल देलों नावाचा एक तरुण फ्रेंच वैद्य 1673 मध्ये दमणला पकडला गेला आणि पुढे गोव्याच्या तुरुंगात आला. स्वतः कॅथलिक! सुटल्यावर त्याने सगळं लिहून काढलं. त्यातली मला सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट छळाची नाही. आरोप काय आणि आरोप करणारा कोण, हे आरोपीला सांगतच नसत. त्याला म्हणत, तुझे अपराध तूच आठव आणि कबूल कर. देलों बिचारा आठवून आठवून सांगत राहिला: कधीतरी बाप्तिस्म्याबद्दल वाद घातला होता, कधी मूर्तींबद्दल काही बोललो होतो. यातलं काय त्यांना हवंय हेच कळेना. 1676 मध्ये शिक्षा झाली, पाच वर्षं लिस्बनला सक्तमजुरी.

त्या मुलीला गायनातून काढताना कुणी काय तक्रार केली हे तिला कळवलं का? प्रमाण फार वेगळं आहे, मान्य. पद्धत ओळखीची वाटते.

---

गावठाण

अवांतर: हेच तत्त्व हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला लागू होतं का? "काही सभासदांच्या वागणुकीबद्दल तक्रारी आल्या आहेत." कुठल्या सभासदांच्या, कसल्या तक्रारी, देव जाणे.

---

केडगाव_पॅसेंजर

सगळे बायबल आणि कोर्टात शिरले, आपल्या पुण्यातलं प्रकरण कुणी काढलंच नाही. पंडिता रमाबाई.

1883 मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा घेतला. इथले लोक चिडले, ते अपेक्षितच. पण तिथले ख्रिस्ती तरी खूश होते का? नव्हते. ती प्रश्न विचारायची. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) कसं मानू, चर्चचं सगळंच का मानू? वाँटेजच्या ज्या सिस्टर तिच्या धर्ममाता होत्या, त्यांना तो अहंकार वाटला. चेल्टनमच्या कॉलेजात तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं निघालं, तर बिशपांनी मोडता घातला. रमाबाईंनी पत्रात लिहिलं त्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, आता दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली मान घालणार नाही.

मग 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी पुण्यात. विधवा मुलींची शाळा, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलेलं. रमाबाई सकाळी स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार लावत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

आता न्यायाने बघायचं तर? मी रमाबाईंचा भक्त आहे, लपवत नाही. तरी म्हणेन, की टीकाकारांचा प्रश्न रास्त होता. तटस्थतेचा शब्द दिला होता, पालकांनी त्या भरवशावर मुली ठेवल्या होत्या, आणि लहान वयाच्या निराधार मुलींवर बाईंच्या प्रेमाचाच केवढा दाब असेल. हा प्रश्न ज्याने विचारला त्याला धर्मांध म्हणणं अन्याय. पण त्याच्या उलट, स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करणं म्हणजे कारस्थान, हा निष्कर्ष आधीच ठरवून पुरावे गोळा झाले, हाही अन्यायच. याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी, गोदूबाई, त्याच 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाली. हिंदूच राहिली. फळावरून झाड ओळखायचं तर हेही फळ मोजायला हवं होतं. मोजलं नाही.

आणि जोतीराव फुले? ख्रिस्ती झाले नाहीत, पण 1885 मध्येच तिच्या बाजूने लिहून मोकळे झाले होते.

---

ओढ्याकाठची

केडगाव_पॅसेंजर, उत्तम. "प्रश्न रास्त, निष्कर्ष आधीच ठरलेला" हे दोन वेगळे करणं मला जमत नव्हतं. आमच्या पंचांना प्रश्न हाच निष्कर्ष वाटतो, आणि त्या मुलीच्या बाबतीत निष्कर्ष काढून झाला, प्रश्न विचारलाच नाही.

पत्राचं गुरुजींना फोनवर सांगितलं. ते तयार आहेत. दुसऱ्या सहीला आमचा मामा आहे. तिसरी मिळेना, जो तो म्हणतो "कशाला उगीच".

---

पाळकपुत्र

तिसरी सही राहू द्या. "दोन किंवा तीन" असंच लिहिलंय सगळीकडे, दोन चालतात.

एक भर घालतो. यहोशवा 22 कुणी आठवलं नाही. यार्देन नदीच्या पूर्वेकडच्या इस्राएली वंशांनी नदीकाठी भलीमोठी वेदी बांधली. पश्चिमेकडच्यांना वाटलं, हा सरळ धर्मद्रोह. लढाईला जमलेही. पण निघण्याआधी याजकाचा मुलगा फिनहास आणि दहा सरदार विचारायला गेले. विचारताना भाषा काही गोड नव्हती, चांगलंच खडसावलं त्यांनी. समोरून उत्तर आलं, की ही होमबलींसाठी नाहीच. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना 'तुमचा परमेश्वराशी काय संबंध' म्हणतील, म्हणून साक्षीला बांधली. फिनहासाने ऐकलं आणि त्याला पटलं, हेही महत्त्वाचं. सैन्य परत गेलं. खडसावून विचारलं तरी चालतं म्हणजे, फक्त उत्तर ऐकायला थांबावं लागतं. गुरुजींबद्दल मी आधी जे लिहिलं त्याला ही पुरवणी समजा.

आजी, तुम्ही दाविदाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. खरं कळल्यावर दाविदाने काय केलं? जमीन निम्मी-निम्मी. ज्याने खोटं सांगितलं त्यालाही निम्मी! हा कसला न्याय?

---

काळाकोट_आजी

मुद्दाम सोडलं होतं, कुणी पकडतंय का बघत होते.

काहींचं म्हणणं, दाविदाला कोण खरं हे ठरवता आलं नाही, म्हणून त्याने वाटून टाकलं. काही म्हणतात, सीबाने संकटात भाकरी आणल्या होत्या, ते उपकार तो विसरू शकत नव्हता. मला वाटतं, एकदा भर रस्त्यात दिलेला निकाल पूर्ण फिरवायला राजाची जीभ रेटली नाही. असे न्यायाधीश मी पाहिलेत. आदेश चुकला हे कळतं, तो पुरता मागे घेत नाहीत, 'सुधारित' करतात. मफीबोशेथ मात्र म्हणाला, सगळीच त्याला घेऊ द्या, राजा सुखरूप परत आला यातच मला आलं.

---

पाळकपुत्र

तुमचं तिसरं कारण पटतं. मला पहिलं पटत नाही. पाय बघून कळायला हवं होतं.

---

काळाकोट_आजी

पाय सीबालाही दाखवता आले असते हो, दोन दिवस न धुता. उलटतपासणी घेतल्याशिवाय पायांवरून मी तरी निकाल देणार नाही.